जांगड व्यवहार व जुन्या टपाल-तिकिटांची परतबोलीची विक्री

विकलेली वस्तु परत घ्यावी कीं न घ्यावी, घ्यावी तर किती दिवसांत, कोणत्या स्थितींत व कोणाच्या खर्चानें, हा प्रश्न ऑनलाईन विक्रीबरोबर नव्यानें उपस्थित झाला, असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या टपाल-तिकिटांच्या व्यापारापुरतें पाहिलें तर हा समज टिकत नाहीं. संग्राहकांच्या तिकिटांचा व्यापार आरंभापासूनच परतबोलीवर चालत आला आहे. आणि परतबोलीची पद्धत तर आपल्या पेठांतून तिकिटें निघण्यापूर्वींपासून रूढ होती. प्रस्तुत लेखांत प्रथम या पद्धतीचें मूळ स्वरूप सांगून, नंतर तिकिटांच्या विक्रीवर परतीच्या अटीचा परिणाम काय होतो व ती अट कोठें अपुरी पडते, याचा विचार करावयाचा आहे.

हा विचार कोंकणांतील वाचकांस दूरचा वाटूं नये. कसाल हें गांव मुंबई-गोवें महामार्गावर, मालवणकडे जाणारा रस्ता जेथें फुटतो तेथें वसलें आहे. १९८१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यापासून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला व त्याचें मुख्य ठाणें कसालच्या शेजारीं ओरोस येथें आलें. तथापि जुन्या तिकिटांची पेढी, लिलावगृह किंवा तिकिटें तपासून देणारे तज्ज्ञ हीं सर्व मुंबईसारख्या शहरीं. आणि मुंबई येथून चारशेंहून अधिक किलोमीटर. शहरांतील संग्राहक तिकीट हातांत घेऊन, भिंगाखालीं धरून, मग पैसे मोजतो. कसालचा संग्राहक पैसे आधीं मोजतो व तिकीट मागाहून पाहतो. तेव्हां परतीची अट ही शहरवासीयांस केवळ सवलत असेल. खेड्यांतील संग्राहकास तीच तपासणीची एकमेव संधि होय.

आतां जांगड या शब्दाकडे वळूं. दुकानांतून माल न्यावा, पटला तर ठेवून किंमत द्यावी, न पटला तर जसाचा तसा परत करावा, या बोलीनें दिलेल्या मालास जांगड म्हणत. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशांत हा शब्द याच अर्थानें नोंदलेला असून, अशा मालाची नोंद ज्या वहींत होई तिलाही जांगड वही म्हणत, असें तेथें दिलें आहे. या कोशाची पहिली आवृत्ति १८३१ ची व दुसरी १८५७ ची. शब्द कोशांत शिरण्याइतका रूढ होण्यास बराच काळ लोटावा लागतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे पद्धतीचें जुनेपण वेगळें सांगावयास नको. मुंबई व सुरत येथील हिऱ्यांच्या बाजारांत ती आजही चालू असून जांगडाच्या चिठ्ठीवर लक्षावधि रुपयांचा माल हातोहात फिरतो.

या पद्धतींत ध्यानांत घेण्याजोग्या गोष्टी तीन आहेत. पहिली अशी कीं, माल गिऱ्हाइकाच्या हातीं गेला तरी विक्री झालेली नसते. मालकी दुकानदाराचीच राहते. दुसरी अशी कीं, माल परत करणाऱ्यास कारण सांगावें लागत नाहीं. पटला नाहीं एवढें पुरे. तिसरी व सर्वांत महत्त्वाची अशी कीं, वहींत माल ओळखतां येईल असें त्याचें वर्णन असावें लागतें. नग किती, वजन किती, खूण कोणती, हें लिहिलेलें नसेल तर गेलेली वस्तु व आलेली वस्तु एकच, असें कोणत्या आधारानें म्हणावयाचें? जांगड व्यवहार विश्वासावर चालतो असें म्हणतात, व तें खरेंही आहे. परंतु त्या विश्वासाच्या पाठीशीं वहींतील ती एक ओळ असे.

१९३० च्या मालविक्रीच्या कायद्यानें या रूढीस लेखी रूप दिलें. त्या कायद्याच्या २४ व्या कलमाप्रमाणें पसंतीवर किंवा ‘विका नाहींतर परत करा’ या बोलीवर दिलेल्या मालाची मालकी, घेणाऱ्यानें पसंति कळविली किंवा माल आपलासा केल्याचें दाखविणारें दुसरें कांहीं कृत्य केलें म्हणजे त्याचेकडे जाते. त्यानें नापसंति न कळवितां माल ठेवून घेतला तर ठरलेली मुदत संपतांच, आणि मुदत ठरलेली नसल्यास वाजवी काळ लोटतांच, ती त्याचेकडे गेली असें समजतात. हें कलम इंग्रजी कायद्यावरून आलें खरें. पण मराठी पेढीवरील कोणाही मुनिमास तें वाचून दाखविलें असतें तर त्यांत त्यास नवें असें फारसें आढळलें नसतें.

तिकिटांच्या व्यापारानें हीच रीत स्वतंत्रपणें उचलली. जगांतील पहिलें डकविण्याचें तिकीट इंग्लंडांत १८४० सालीं निघालें. स्टॅन्ले गिबन्स यानें १८५६ सालीं प्लिमथ येथें तिकिटांचा व्यापार सुरू केला. लौकरच असा प्रघात पडला कीं, व्यापाऱ्यानें तिकिटें कागदाच्या तक्त्यांवर हलकेच चिकटवून, प्रत्येकाखालीं किंमत लिहून, तीं टपालानें संग्राहकाकडे पाठवावींत. संग्राहकानें हवीं तीं काढून घेऊन उरलेला तक्ता पैशांसह परत करावा. हा टपालानें चालणारा जांगड व्यवहारच होय. त्यांतील लबाडीही तितकीच जुनी: तक्त्यावरचें चांगलें तिकीट काढून त्या जागीं आपल्या संग्रहांतील फाटकें, पाठीचा डिंक गेलेलें किंवा कडेचीं छिद्रें तुटलेलें तिकीट लावून परत पाठविणारे संग्राहक सर्व देशांत निघाले. म्हणून शहाणे व्यापारी तक्त्यावर तिकिटांची संख्या लिहीत व किमती तिकिटांवर बारीकशी खूण ठेवीत.

हिंदुस्थानांत दूरच्या विक्रीस खरा जोर १८७७ सालीं सुरू झालेल्या व्ही. पी. पद्धतीनें आला. माल टपालानें जावा, पोस्टमननें किंमत वसूल करावी व ती विकणाऱ्यास पोंचवावी, या सोयीमुळें पेठेपासून दूर असलेल्या गांवींही मुंबई-कलकत्त्याचा माल येऊं लागला. परंतु पार्सल फोडण्यापूर्वीं पैसे द्यावे लागत. आंत काय आहे तें मागाहून कळे. त्यामुळें फसवणुकीच्या तक्रारी झाल्या. १८९८ च्या टपाल कायद्यांत यावरचे दोन उपाय दिसतात. पाठविणाऱ्यानें, खऱ्या मागणीवरूनच माल धाडीत आहें, असें लिहून द्यावें, हा एक. आणि फसवणूक झाली असल्यास वसूल केलेले पैसे खात्यानें अडकवून ठेवून घेणाऱ्यास परत देण्याविषयीं सरकारास नियम करतां यावेत, हा दुसरा. हा कायदा जाऊन त्याचे जागीं २०२३ चा टपाल कायदा आला असला तरी, दूरच्या विक्रींत पैसे तिऱ्हाइतानें कांहीं काळ धरून ठेवण्याची जी व्यवस्था आज ऑनलाईन बाजारांत दिसते, तिचें बीज या जुन्या तरतुदींत आहे, हें इतिहासाच्या अभ्यासकांनीं नोंदून ठेवण्याजोगें आहे.

तिकिटांच्या बाबतींतच परतीची अट इतकी महत्त्वाची कां, हें समजण्यास आपल्याच प्रांताशीं संबंध असलेलीं चार उदाहरणें पुरेशीं आहेत.

पहिलें उदाहरण सिंध प्रांताच्या डाक-तिकिटांचें. बार्टल फ्रिअर हा प्रथम साताऱ्यास रेसिडेंट होता. पुढें सिंधचा कमिशनर झाल्यावर त्यानें १८५२ सालीं अर्ध्या आण्याचीं तिकिटें काढलीं. सिंध तेव्हां मुंबई इलाख्यांतच मोडत असे. त्यांतील लाखेसारखें तांबडें तिकीट इतकें ठिसूळ कीं सहज तडकून फुटे; १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं तिकिटें निघतांच तीं बंद झालीं. अस्सल फार थोडीं उरलीं, मागणी मोठी राहिली, व म्हणून नकलाही पुष्कळ झाल्या.

दुसरें उदाहरण सिंधुदुर्गाच्या सीमेलगतचें. पोर्तुगीज अमलांतील गोव्यानें १८७१ पासून स्वतःचीं तिकिटें काढलीं. तेथील चलन बदलून टंगा व रेइस हीं नाणीं आलीं तेव्हां, १८८१ च्या सुमारास, जुन्या तिकिटांवर नव्या किमतींचे छाप मारण्यांत आले. अशा तिकिटाचा कागद अस्सल, मूळ चित्र अस्सल, आणि खोटा असेल तो फक्त वरचा छाप. छाप मारणें अवघड नाहीं. खरा छाप ओळखणें मात्र अवघड आहे.

तिसरें उदाहरण मराठी राजघराण्याच्या धार संस्थानचें. १८९७ पासून निघालेल्या त्याच्या आरंभींच्या तिकिटांवर हातानें एक लंबवर्तुळाकार काळा शिक्का उठविलेला असे. शिक्का नसलेलें तिकीट दुर्मिळ; परंतु शिक्का खरोखर उठला नव्हता कीं कोणी मागाहून धुऊन काढला, हें छायाचित्रावरून कोण सांगणार?

चौथें उदाहरण स्वातंत्र्योत्तर काळाचें. १५ ऑगस्ट १९४८ रोजीं महात्मा गांधींच्या स्मरणार्थ स्वित्झर्लंडांत छापलेलीं चार तिकिटें निघालीं. त्यांतील दहा रुपयांच्या तिकिटाच्या अवघ्या १०० प्रतींवर सरकारी वापराचा ‘सर्व्हिस’ हा छाप होता. अशा चार तिकिटांची एक पट्टी २०१७ सालीं ५ लाख पौंडांस विकली गेली. साधें दहा रुपयांचें तिकीट त्या मानानें पुष्कळ मिळतें. त्यावर सात अक्षरांचा एक इंग्रजी शब्द छापला कीं त्याची किंमत अनेक पटींनीं वाढल्याचा आभास होतो. अशीं खोटीं तिकिटें बाजारांत आलेलीं आहेत.

खोट्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी निव्वळ ओळखण्याचा प्रश्न उरतोच. नाशिकच्या सरकारी छापखान्यांत १९२६ पासून तिकिटें छापूं लागले. पंचम जॉर्ज बादशहाच्या मुद्रेचीं त्यापूर्वींचीं लंडनचीं व नंतरचीं नाशिकचीं तिकिटें समोरून पुष्कळशीं सारखींच दिसतात. लंडनच्या कागदांत प्रत्येक तिकिटामागें एकच तारा, तर नाशिकच्या कागदांत अनेक ताऱ्यांचें जलचिन्ह आढळतें. हा भेद तिकीट पालथें घालून, उजेडाशीं धरून किंवा ओलावून पाहावा लागतो. पडद्यावरील चित्रांत तो दिसत नाहीं. म्हणून प्रामाणिक विक्रेत्याच्या हातूनही वर्णनांत चूक होऊं शकते, व प्रामाणिक गिऱ्हाइकासही वस्तु हातीं येईपर्यंत ती कळत नाहीं.

अशा स्थितींत बाजाराचें काय होतें, याचें विवेचन जॉर्ज अकर्लॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं केलें. मालाचा खरेपणा फक्त विकणाऱ्यास ठाऊक असेल, तर घेणारा संशयानें सर्वच मालास कमी भाव देतो. मग चांगला माल असणारे बाजारांतून अंग काढून घेतात व वाईट तेवढा उरतो. या सिद्धान्ताची परीक्षा तिकिटांवरच झाली. ‘जर्नल ऑफ इंडस्ट्रियल इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकांत २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत ईबे या ऑनलाईन बाजारांतील तिकिटांचे भाव एका तज्ज्ञ तिकिट-लिलावगृहाच्या भावांशीं ताडून पाहिले होते. तशाच तिकिटांस ईबेवर शेंकडा १० ते १५ कमी भाव येतो, असें त्यांत दिसून आलें. ही तूट म्हणजे संशयाची किंमत होय. ती घेणाऱ्यास भेटत नाहीं व विकणाऱ्याच्याही पदरांत पडत नाहीं. कारण स्वस्तांत घेतलेल्या तिकिटाबरोबर त्याचा धोकाही घेणाऱ्यानेंच उचललेला असतो.

परतीची अट हा संशय कमी करते. खोटें निघाल्यास पैसे परत देईन असें जो म्हणतो, त्यास आपला माल खरा आहे असें निदान वाटत तरी असलें पाहिजे; नाहीं तर असें वचन देणें त्यास परवडणार नाहीं. सर्वसाधारण मालासंबंधीं झालेल्या अनेक अभ्यासांचें एकत्रित परीक्षण ‘जर्नल ऑफ रिटेलिंग’मध्यें २०१६ सालीं आलें. परतीच्या अटी सैल केल्यानें विक्री जितकी वाढते तितकी परत येणाऱ्या मालाची संख्या वाढत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष आहे. इतकेंच नव्हे, तर मुदत लांब दिली असतां माल परत येण्याचें प्रमाण उलट घटतें, असेंही त्यांत आढळलें. ज्याचा संशय फिटला त्यास परत करण्याची घाई राहत नाहीं, असा याचा एक अर्थ लावतां येईल.

तथापि कपडे किंवा भांडीं यांचा नियम तिकिटांस जसाच्या तसा लावणें चुकीचें ठरेल. आणि ऑनलाईन बाजारांतील बहुतेक घोटाळा येथेंच आहे. परत करण्याचीं कारणें दोन जातींचीं असतात. एक, वस्तु खरी व वर्णनाप्रमाणें आहे पण पटली नाहीं. दुसरें, वस्तु खोटी किंवा वर्णनाहून वेगळी आहे. पहिलें कारण जांगडाचें. त्यास विक्री पुरी होण्यापूर्वींची थोडी मुदत पुरे. दुसरें कारण विक्रेत्याच्या जबाबदारीचें. त्यास थोड्या दिवसांची मर्यादा लावणें म्हणजे ती जबाबदारीच नाकारणें होय. तिकिटाचा खरेपणा आठ-दहा दिवसांत ठरत नाहीं. लंडनच्या रॉयल फिलॅटेलिक सोसायटीसारख्या संस्थेच्या तज्ज्ञ-समितीकडे तिकीट पाठवून दाखला येण्यास पुष्कळ अवधि लागतो. लिलावगृहांनीं हें ओळखून, घेणाऱ्यानें वेळीं कळविल्यास दाखला येईपर्यंत मुदत वाढवून देण्याची चाल ठेविली आहे. अनेक तिकिटांचा एकत्र गठ्ठा मात्र बहुधा परत घेत नाहींत. कारण त्यांतील एखादें बदललें गेलें तर तें सिद्ध करणें कठीण. ही दोन कलमें जांगड वहीच्या तर्काशीं तंतोतंत जुळतात.

आजचा कायदाही हाच भेद मानतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें सदोष माल परत न घेणें व पैसे न फेडणें ही अनुचित व्यापारी प्रथा ठरविली. पावतीवर मुदत नसल्यास त्यासाठीं ३० दिवस धरले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीं, माल सदोष, बनावट किंवा जाहिरातींतील वर्णनाहून वेगळा असल्यास विक्रेत्यास तो नाकारतां येत नाहीं, असें स्पष्ट केलें. केवळ न पटल्यास परत घेण्याची सक्ति मात्र नाहीं. ती विक्रेत्याची खुशी. तेव्हां ‘माल परत घेतला जाणार नाहीं’ ही पाटी नापसंतीपुरती चालेल, खोट्यापुरती चालणार नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. परतीच्या अटीचा तोटा मोठ्या पेढीस फारसा जाणवत नाहीं. एकट्यानें घरून तिकिटें विकणाऱ्यास तो बुडवूं शकतो. त्यानें चांगलें तिकीट पाठवावें व तसेंच पण पाठीस पातळ झालेलें तिकीट परत यावें, असें एकदां घडलें तर त्याचा सगळा नफा जातो. यावर उपाय जुनाच आहे: पाठविण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचें स्पष्ट छायाचित्र घ्यावें, कडेच्या छिद्रांची मांडणी व शिक्क्याची जागा नोंदावी, आणि तिकीट ज्या पारदर्शक पाकिटांत बंद केलें तें उघडल्यास परत घेणार नाहीं, असें आधींच लिहावें. वापरलेल्या तिकिटावरील टपालाचा शिक्का दुसऱ्या कोणत्याही तिकिटावर हुबेहूब त्याच जागीं पडत नाहीं. या एका गोष्टीमुळें वापरलेलें तिकीट कोऱ्यापेक्षां ओळखण्यास सोपें असतें. स्वस्त तिकिटांस तर अटच लागू पडत नाहीं, कारण परत पाठविण्याचा खर्च तिकिटाच्या किमतीएवढा होतो. तेथें विक्रेत्याचें नांव हीच खरी हमी.

येथवर घेणारा व विकणारा या दोघांचा विचार झाला. इतिहाससंशोधकाच्या दृष्टीनें खरी अडचण याच्याही पलीकडची आहे. खोटें तिकीट परत गेलें, पैसे मिळाले, गिऱ्हाइकाचें समाधान झालें. पण तें तिकीट कोठें गेलें? तें पुन्हा विक्रेत्याच्या हातीं आलें, व तो अप्रामाणिक असेल तर अधिक अजाण गिऱ्हाइकाच्या शोधास लागलें. जाणता संग्राहक खोटें परत करतो, अजाण ठेवून घेतो. म्हणून परतीच्या अटीनें खोटा माल नाहींसा न होतां तो जाणत्यांकडून अजाणांकडे वाहत जातो. असें तिकीट पाकिटावर असेल तर त्यावरून टपालाचे मार्ग, दर व तारखा यांविषयीं निष्कर्ष काढले जातात, आणि एका बनावट वस्तूची चूक पुढें ग्रंथांत शिरते.

नाण्यांच्या बाबतींत राज्यकर्त्यांनीं हा धोका ओळखला होता. १९०६ च्या नाण्यांच्या कायद्यानें, अधिकार दिलेल्या माणसाकडे खोटें नाणें आल्यास त्यानें तें कापून टाकावें, अशी तरतूद केली. खोटें नाणें परत फिरत नसे. तें तेथेंच संपे. तिकिटास असा राजदंड नाहीं. तरीही असा प्रयत्न झाल्याचें एक उदाहरण आहे. झां द स्पेराती या प्रसिद्ध नकलकाराचीं तिकिटें फ्रेंच जकातखात्यानें १९४२ सालीं अस्सल समजून पकडलीं. तीं आपण केलेल्या नकला आहेत असें तो सांगत असतां तज्ज्ञांनीं तीं खरीं ठरविलीं. पुढें १९५४ सालीं ब्रिटिश फिलॅटेलिक असोसिएशननें त्याचा सर्व साठा विकत घेतला, तो याचसाठीं कीं त्या नकला बाजारांत जाऊं नयेत. एका संस्थेनें पैसे मोजून खोटा माल थांबविला. कोणत्याही परतीच्या अटीनें तें काम झालें नसतें.

यावरून निघणारा निष्कर्ष थोडक्यांत येणेंप्रमाणें आहे. परतीच्या अटीनें ऑनलाईन तिकिटविक्रीस भाव येतो व दूरचें गिऱ्हाईक मिळतें. पण ती अट उपयोगी पडण्यास नापसंति व खोटेपणा यांच्या मुदती वेगळ्या हव्यात, गेलेली वस्तु व आलेली वस्तु एकच हें दाखविणारी नोंद हवी, आणि खोटें ठरून परत आलेल्या तिकिटाची माहिती, छायाचित्रासह, सर्वांस पाहतां येईल अशी कोठें तरी राहिली पाहिजे. पहिल्या दोन गोष्टी जांगड वहीनें साधल्या होत्या. तिसरी तिनें साधली नव्हती, कारण पेठ लहान होती व लबाडाचें नांव तोंडोतोंडीं पसरत असे. ऑनलाईन पेठेस तसें तोंड नाहीं. म्हणून तेथें ही वही सर्वांची मिळून असावी लागेल, व ती संग्राहकांच्या मंडळांनींच लिहावी हें उचित.

शेवटीं एक विनंति. मालवण, वेंगुर्लें, सावंतवाडी, कुडाळ येथील पेठांत जीं जुनीं घराणीं व्यापार करीत होतीं, त्यांचे घरीं जमाखर्चाच्या चोपड्यांबरोबर जांगड वह्या असण्याचा संभव आहे. रोजकीर्द व खतावणी यांस हिशेबाचें महत्त्व असल्यानें त्या राखल्या जातात. जांगड वही मात्र माल परत आला कीं निरुपयोगी समजून रद्दींत टाकण्याकडे कल असतो. परंतु कोणता माल कोणाच्या विश्वासावर किती दिवस बाहेर राहत असे, व कोणता बहुधा परत येई, हें सांगणारें साधन तेंच आहे. ज्यांचे घरीं अशा वह्या असतील त्यांनीं त्या रद्दींत न घालतां कोणत्याही इतिहास-संस्थेस पाहण्यास द्याव्यात. त्या परत करण्याच्या बोलीवर दिल्या तरी चालतील.